बसथांब्याचा सात दिवसांचा अहवाल

अकरा सह्या करायला मला चार मिनिटेही लागली नाहीत. पहिली सही केली तेव्हा स्टाफरूममध्ये चहा नुकताच कपात ओतला होता, आणि शेवटची केली तेव्हा तो अजून पिण्याजोगा गरम होता.

वर्तमानपत्राच्या कचेरीत बावीस वर्षे काढल्यानंतर मी बडोद्यातल्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या पदविकेला बातमीलेखन शिकवू लागलो. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दोन तास. त्या वर्षी कॉलेजने विद्यार्थ्यांचे लेखन तपासणारे सॉफ्टवेअर घेतले होते. प्रत्येक असाइनमेंट आधी त्यातून जायची आणि तिच्यासोबत एक पान छापून यायचे. त्या पानावर दोन आकडे असायचे. मजकूर दुसरीकडून किती उचलला आहे, हा पहिला. तो एआयने लिहिला असण्याची शक्यता किती, हा दुसरा. दुसरा आकडा पन्नासच्या वर गेला की पानाला लाल चौकट यायची. चौकटीखाली एक ओळ छापलेली असे: 'मी हे लेखन वाचले असून वरील निकालाशी सहमत आहे.' त्याखाली शिक्षकाची सही.

मी ती अकरा लेखने वाचली नव्हती. घरी नेऊन शनिवारी वाचणार होतो. पण सह्या त्याच दिवशी हव्या होत्या, आणि आकडे मोठे होते.

असाइनमेंट माझीच होती. शहरातली एक सार्वजनिक जागा निवडायची, सलग सात दिवस ठरलेल्या वेळी तासभर तिथे थांबायचे आणि दिसले तेवढेच इंग्रजीत लिहायचे. वीस गुण. शेवटी 'हे मी स्वतः लिहिले आहे' या ओळीखाली विद्यार्थ्याची सही.

अकरापैकी दहा प्रकरणे पुढच्या दोन दिवसांत निकालात निघाली. नियम असा होता की विद्यार्थ्याने कबूल केले तर त्याला पुन्हा लिहिता येईल, पण निम्म्या गुणांसाठी. दहा जणांनी कबूल केले, बहुतेकांनी हसत.

एकाने मांडवी निवडली होती. आमची मांडवी जुन्या शहराच्या मधोमध, चारही बाजूंनी रिक्षांनी वेढलेली. त्याच्या लेखनात मात्र तिथे खारा वारा सुटला होता आणि सुतार लाकडी जहाजे बांधत होते. यंत्राने कच्छमधल्या मांडवीची माहिती इमानाने पुरवली होती. मुलगा रोज आमच्या मांडवीवरून कॉलेजला येतो.

"जहाज कुठे दिसलं रे तुला?" मी विचारले.

"सर, तिथे ट्रॅफिक इतका असतो की मी आजूबाजूला बघतच नाही."

दुसऱ्याच्या लेखनाच्या शेवटी ओळ होती: 'हवे असल्यास हे मी अधिक भावस्पर्शी करून देऊ शकतो.' ती काढायची राहून गेली होती. "ती ओळ मी लिहिलेली नाही, सर," असे तो कळवळून म्हणाला. ते खरे होते.

अकरावी विद्यार्थिनी मात्र कबूल होईना. वय एकवीस, राहणार मकरपुऱ्याच्या मागच्या वसाहतीत, वडील तिथल्याच एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, फारसे बोलायची नाही. तिच्या पानावरचा पहिला आकडा शून्य होता. दुसरा चौऱ्याण्णव.

"सर, मी लिहिलंय ते."

"आकडा चौऱ्याण्णव आहे."

"असू दे. लिहिलंय मी."

मी तिला नियम समजावून सांगितला. कबूल केले तर दहापैकी गुण मिळतील आणि ती अंतर्गत परीक्षेत पास होईल. नाकारले तर प्रकरण समितीपुढे जाईल. समितीने दोषी ठरवले तर शून्य. शून्य मिळाले तर अंतर्गत परीक्षेत नापास, म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. शहरातल्या एका दैनिकाने तिला जूनपासून शिकाऊ बातमीदार म्हणून घ्यायचे ठरवले होते, पण पदविका हातात असेल तरच. वर्गातून अशी निवड झालेली ती एकटी होती.

"कबूल काय करू, सर? न केलेलं?" मग तिने विचारले, "तुम्ही वाचलंत का ते?"

मी वाचले नसल्याचे सांगितले.

"पण खाली सही आहे तुमची."

"आहे."

"पहिल्याच लेक्चरला तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. न वाचता बातमीच्या कॉपीवर सही करायची नाही, म्हणून."

तिने हे रागाने म्हटले नाही. वहीत टिपून घेतलेला मुद्दा वाचून दाखवावा तसे म्हटले. समितीची बैठक पुढच्या गुरुवारी होती. हाताशी सहा दिवस होते.

त्या संध्याकाळी मी तिचे लेखन वाचले. तिने मकरपुऱ्याचा एक बसथांबा निवडला होता. सकाळी पहिल्या पाळीचे कामगार तिथून कंपनीची बस पकडतात. मूळ मजकूर इंग्रजीत होता. त्यातले काही मराठीत देतो.

'पहिला दिवस. सहा वाजून पाच मिनिटे. थांब्यावर चार पुरुष. एकमेकांमधले अंतर अंदाजे दोन फूट. संभाषण नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी पाचवा पुरुष आला व विजेच्या खांबाजवळ उभा राहिला. खांबाजवळची जागा त्याची असल्याचे चौकशीत समजले. याबाबत लेखी काही नाही.'

'चौथा दिवस. बस सहा वाजून एकतीस मिनिटांनी आली. ठरलेली वेळ सहा वीस. चालकाने खिडकीतून हात दाखवला. त्याचा अर्थ उपस्थितांपैकी कोणीही सांगू शकले नाही.'

'सातवा दिवस. रविवार. बस नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी खांबाजवळचा पुरुष आला. दहा मिनिटे उभा राहिला. कारण विचारले. सवय, असे सांगण्यात आले. पुढील कारवाई: नाही.'

सगळी सहा पाने अशीच होती. एकही विशेषण नव्हते. वाक्ये सारख्याच लांबीची, सारख्याच चालीची. सॉफ्टवेअरला हे यंत्राचे वाटले याचे मला नवल वाटले नाही. पहिल्या पानावर मलाही तसेच वाटले होते. बावीस वर्षांत मी इतके कोरडे लिहिणारा बातमीदार पाहिला नव्हता, आणि पाहिलेल्यांतले निम्मे कोरडेपणाबद्दलच पगार घेत होते.

पण खांबाजवळचा माणूस खरा असला तर तो थांब्यावर सापडायला हवा होता. कचेरीत अशा वेळी एकच उपाय असे: जाऊन बघणे.

मी नागरवाड्यात राहतो. तिथून मकरपुरा सकाळी स्कूटरवर पंचवीस मिनिटे. शनिवारी सहा वाजता मी थांब्यावर होतो. चार पुरुष उभे होते. अंतर दोन फुटांपेक्षा थोडे जास्त. बोलणे नाही. सहा वाजून नऊ मिनिटांनी पाचवा आला, राखाडी युनिफॉर्म, हातात डबा, आणि सरळ खांबाजवळ जाऊन उभा राहिला.

मी वही काढली. त्याबरोबर पाचही जण माझ्याकडे बघू लागले.

"बसच्या ठेकेदाराकडचे का?" खांबाजवळच्याने हिंदीत विचारले.

"नाही."

"मग वेळ लिहा आधी. बस रोज लेट येते ते लिहा." माझी वही मराठीत आहे हे त्याने तिथूनच पाहिले असावे, कारण पुढचे तो मराठीत बोलला. "आपलेच दिसता. कुठले?"

"नागरवाडा."

"म्हणजे जुने बडोद्याचे. आम्ही भुसावळकडचे. तीस वर्षं झाली इथे, तरी नवेच."

मी कॉलेजात शिकवतो आणि एका विद्यार्थिनीने या थांब्याबद्दल लिहिले आहे, ते पडताळायला आलो आहे, असे सांगितले. त्याचा चेहरा एकदम बदलला.

"आमची दीकरी ना? सात दिवस येऊन उभी राहायची. मी म्हटलं, अगं काकाला काय विचारतेस, मी कुठे उभा राहतो ते तुला जन्मापासून ठाऊक आहे. तर म्हणे, विचारल्याशिवाय लिहिता येत नाही." तो बाकीच्यांकडे वळला. "फार पक्की हं पोरगी. आम्हा सगळ्यांचे सेफ्टी रिपोर्ट तीच लिहिते, सहावीत होती तेव्हापासून. दर रविवारी..."

शेजारच्याने त्याच्या डब्याला कोपर मारले. 

"साहेब," तो मला म्हणाला, "हे शेवटचं नाही लिहायचं हं."

मी वही बंद केली. बस सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आली. चालकाने खिडकीतून हात दाखवला. त्याचा अर्थ मलाही कळला नाही.

सोमवारी तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतले. थांब्यावर गेल्याचे सांगितले, काय ऐकले तेही सांगितले. ती खुर्चीवर बसली आणि मग पाच मिनिटांत सगळे सांगून टाकले, तिच्या लेखनासारखेच, क्रमाने.

तिच्या वडिलांच्या कारखान्यात प्रत्येक शिफ्ट इनचार्जने आठवड्याला एक सुरक्षा अहवाल द्यायचा असतो. इंग्रजीत. छापील कागदावर चार रकाने: काय दिसले, कुठे दिसले, कोणाला कळवले, पुढील कारवाई. वडील मराठी शाळेत दहावी, मग आयटीआय. मशीनचा आवाज ऐकून कोणता बेअरिंग जाणार ते सांगतील, पण इंग्रजी वाक्य जुळवताना घाम फुटायचा. ती इंग्रजी शाळेत होती. सहावीत असताना एका रविवारी वडिलांनी पोह्यांची बशी बाजूला सारून कागद तिच्यापुढे ठेवला. ते मराठीत सांगत गेले आणि ती इंग्रजीत लिहीत गेली. 'तेल सांडलेले होते' एवढेच लिहायचे, 'खूप' लिहायचे नाही, कारण मग साहेब विचारणार, खूप म्हणजे किती. किती ते माहीत असेल तर आकडा घालायचा. माहीत नसेल तर जाऊन मोजायचे.

पुढच्या महिन्यात दोन काका आले. वर्षभरात पाच झाले. दर रविवारी सकाळी घरात सहा चहा व्हायचे. प्रत्येक अहवालाची एक प्रत ती वहीत उतरवून ठेवायची, कारण वडील म्हणायचे की दिलेल्या कागदाची नक्कल आपल्याकडे असावी. अशी दहा वर्षे. लिहायचे असते म्हणजे असेच लिहायचे असते, अशी तिची समजूत होती. शाळेत निबंधाला तिला कायम कमी गुण पडले. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात तिने लिहिले होते, हिवाळा, तापमान सरासरी अमुक, पुढील कारवाई: स्वेटर.

"मग हे समितीला सांग," मी म्हटले. "वह्या दाखव. प्रश्नच मिटतो."

"नाही सांगता येणार."

"का?"

"त्या कागदाच्या खाली एक ओळ छापलेली असते, सर. 'वरील निरीक्षण मी स्वतः करून स्वतः लिहिले आहे.' त्याखाली पप्पांची सही. पाचही काकांची सही." तिने माझ्याकडे पाहिले. "निरीक्षण त्यांचंच आहे. लिहिलेलं नाही. पप्पांना रिटायर व्हायला चार महिने राहिलेत. कंपनीला समजलं तर सहाही जणांना बोलावतील. माझ्या वीस मार्कांसाठी?"

म्हणजे परिस्थिती अशी होती. तीन कागद, तिन्हींवर खाली प्रतिज्ञा. मी वाचले म्हटले होते, वाचले नव्हते. वडिलांनी लिहिले म्हटले होते, लिहिले नव्हते. आपण लिहिले म्हणणारी आणि खरोखर लिहिणारी ती एकटी, आणि समिती तिच्यावर बसणार होती.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. माझी सही न वाचता झाली, हे मी समितीला सांगेन. थांब्यावर जे ऐकले ते मात्र सांगणार नाही; ज्याने सांगितले त्याने छापू नका म्हटले आहे. तिने दुसऱ्या गोष्टीला मान डोलावली.

"घरी विचारून तर बघ," मी म्हटले.

"विचारलं तर पप्पा हो म्हणतील. म्हणूनच नाही विचारणार."

गुरुवारी साडेतीनला समिती बसली. तिघेजण होते: प्राचार्य, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संगणक विभागाच्या मॅडम आणि मी. माझ्याखेरीज दोघेही गुजराती, दोघेही मुळात भले. प्राचार्य रसायनशास्त्राचे. नव्या यंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही याबद्दल त्यांचे मत दर आठवड्याला बदलत असे, आणि त्या आठवड्यात ते विश्वासाच्या बाजूला होते.

मी सहीबद्दल सांगितले. प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"न वाचता? पत्रकार असून?"

"हो."

"नोंद करा, मॅडम," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "पण बेटा, साहेबांनी वाचलं नाही म्हणून तू लिहिलंस असं थोडंच होतं? हे वाच ना. 'याबाबत लेखी काही नाही.' असं कोणी माणूस लिहितो का? एकवीस वर्षांची मुलगी?"

"मी लिहिते, सर."

"कुठे शिकलीस?"

तिने समोरची पाने सरळ केली. तिने उत्तर दिले असते तर ते खरे द्यावे लागले असते, एवढे मला माहीत होते. मॅडमनी पंखा एकने वाढवला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात राखाडी युनिफॉर्ममधला एक माणूस उभा होता. पायात कारखान्याचे जड बूट, हातात बासमतीची दहा किलोची पिशवी. पहिली पाळी तीनला सुटते; तो थेट तिथूनच आला होता.

"पप्पा, तुम्ही कशाला आलात?" ती उठून उभी राहिली.

"गप बस," तो म्हणाला. मग प्राचार्यांना गुजरातीत, "नमस्ते साहेब, आत येऊ?"

"आवो, बेसो," प्राचार्य म्हणाले.

तो बसला नाही. पिशवी टेबलावर ठेवून एकेक वही काढू लागला. फुलस्केप, पुठ्ठ्याच्या, पाठीला खाकी पट्टी. एकूण चौदा. तो तीस वर्षांच्या मकरपुऱ्याच्या गुजरातीत बोलत होता. अडले की मध्येच मराठी क्रियापद लावत होता. प्राचार्यांना सगळे कळत होते.

"साहेब, ही सगळी निरीक्षणं माझी आणि माझ्या दोस्तांची. लिखाण हिचं. सहावीपासून. खांबाजवळ उभा राहतो तो माझा दोस्त. परवा कारखान्यात त्याच्याकडून कळलं, कॉलेजचे सर थांब्यावर आले होते म्हणून. ही घरी काही बोलली नाही. आमच्याकडे रिपोर्ट न करणं हा मोठा गुन्हा असतो, साहेब, हिला माहीत आहे."

"पप्पा, कंपनीत कळलं तर?"

"कळलं. काल मीच सांगितलं सेफ्टी ऑफिसरना. म्हटलं, साहेब, दहा वर्षं रिपोर्ट माझी मुलगी लिहिते, आता काय करायचं ते करा."

"मग?" हे तिच्याआधी प्राचार्यांनी विचारले.

"ते म्हणाले, सहा माणसांच्या रिपोर्टला एकच अक्षर, मला डोळे नाहीत का? पहिल्या वर्षीच कळलं होतं म्हणे. पण सगळ्या प्लँटमध्ये वाचून समजतात असे तेवढेच सहा रिपोर्ट, म्हणून विषय कधी काढला नाही." त्याने घसा साफ केला. "आता मात्र बंद. पुढच्या रविवारपासून आम्ही आमच्या हाताने लिहायचं, हिने फक्त शिकवायचं. लेखी दिलंय मी तसं."

"कोणी लिहिलं ते?" तिने विचारले.

"मी."

"इंग्रजीत?"

"चार ओळी तर होत्या," तो म्हणाला.

मॅडम तोवर एक वही उघडून वाचत होत्या. त्यांनी ती प्राचार्यांकडे सरकवली. सातवीतल्या मुलीच्या गोल अक्षरात तिथे लिहिले होते, की तीन नंबरच्या शेडच्या दाराशी पाणी साचलेले आढळले, खोली चार बोटे, चार बोटे म्हणजे किती ते पट्टीने मोजता पावणेतीन इंच.

प्राचार्यांनी तीन वह्या चाळल्या. त्यांना गंमत वाटत होती, हे दिसत होते. पण ते रसायनशास्त्राचे होते.

"आ बधुं ठीक," ते म्हणाले. हे सगळे ठीक. "ही मुलगी असं लिहिते, एवढं सिद्ध झालं. ही सहा पानंही तिनेच लिहिली, हे नाही झालं. प्रयोग करावा लागेल. बेटा, इथेच बसून लिही. वीस मिनिटं. विषय... ही खोली."

"कसं लिहू, सर?"

"तुला जसं येतं तसं."

तिने कागद घेतला, पण लगेच लिहायला बसली नाही. आधी उठून खोलीभर एक चक्कर मारली. कपाटामागे डोकावली, वाकून टेबलाखाली पाहिले, बोर्डाजवळ जाऊन थांबली. वडील भिंतीला टेकून उभे होते आणि तिची नजर जाईल तिकडे बघत होते. एकदा त्यांनी हनुवटीने छताकडे खूण केली. "पप्पा, नाही हं," ती म्हणाली. त्यांनी मान खाली घातली.

अठराव्या मिनिटाला तिने कागद दिला. मॅडमनी मोठ्याने वाचला.

'समिती कक्ष. दुपारचे चार वाजून सात मिनिटे. उपस्थित पाच. एक: अग्निशामक नळकांडे लोखंडी कपाटाच्या मागे आढळले. कपाट हलवल्याशिवाय हात पोहोचत नाही. तपासणीच्या चिठ्ठीवरील मुदत उलटून गेलेली. दोन: संगणकाच्या वायरीला प्लग नाही. दोन उघड्या तारा भोकांत घालून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या. काड्या तीन. तीन: अध्यक्षांच्या खुर्चीला पाचऐवजी चार चाके. पाचव्याच्या जागी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. निरीक्षणाच्या वेळी अध्यक्ष खुर्चीत बसलेले होते. सुनावणी चालू असल्याने त्यांना कळवण्यात आले नाही. पुढील कारवाई: सुनावणी संपल्यावर कळवणे.'

प्राचार्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि बेताने उठले. खुर्ची मागच्या बाजूला कलली. वडिलांनी पुढे होऊन ती धरली. एवढ्या वेगाने की ते आल्यापासून खुर्चीवरच लक्ष ठेवून असावेत.

"मला आत आल्याबरोबर दिसलं होतं," ते म्हणाले. "पण हिची परीक्षा चालली होती."

"साहेब, टाइप करून टाकते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आगपेटीच्या काड्या न हलवता संगणक सुरू केला, मजकूर टाइप केला आणि सॉफ्टवेअरमध्ये घातला. आकडा यायला अर्धा मिनिट लागला.

सत्त्याण्णव.

"वध्या?" प्राचार्य म्हणाले. वाढले?

"तीनने वाढले."

आधी मॅडम हसल्या. मग प्राचार्य, टेबलाला धरून. वडिलांना आकडा मोठा आला म्हणजे चांगले झाले असे वाटले, त्यांनी मुलीच्या पाठीवर थाप मारली. "सत्त्याण्णव! आमच्या वेळी सत्त्याण्णव कोणाला पडायचे नाहीत."

ठराव दोन ओळींचा झाला. लेखन विद्यार्थिनीचे असल्याचे समितीस आढळले. ते गुणांकनासाठी स्वीकारावे. लाल चौकटीखालची माझी सही मी आडवी रेघ मारून रद्द केली, बाजूला तारीख घातली. समितीने स्वतःहून आणखी एक गोष्ट ठरवली, ती ठरावात नाही: यापुढे शिक्षकाने सही करण्यापूर्वी प्रत्येक लेखनावर एक प्रश्न लिहायचा, म्हणजे ते वाचल्याचे समजेल. मी पहिला प्रश्न त्याच दिवशी लिहिला. तिच्या लेखनावर.

शुक्रवारी गुण लावले. तास सुरू व्हायच्या आत ती टेबलापाशी उभी होती.

"सर, सोळा?"

"सोळा."

"चार कुठे गेले?"

"पान चार. बस सहापैकी पाच दिवस उशिरा आली असं लिहिलंयस. ठेकेदाराला विचारलंस का, का ते? माझा प्रश्न खाली लिहिलाय बघ."

"तो फोन उचलत नाही."

"किती वेळा केलास?"

"तीन."

"हे लेखनात आहे?"

"नाही."

"मग दुसरी बाजूच नाही. चार गुण त्याचे."

मागच्या बाकावरून मांडवीवाला म्हणाला, "सर, मला जहाजं काढल्यावर दहात सात दिलेत, तिला खऱ्या बसला वीसात सोळाच?" वर्ग हसला. ती हसली नाही. तिने माझ्या प्रश्नाची ओळ पुन्हा वाचली आणि विचारले, "सुधारून देता येईल?"

नियमाप्रमाणे एकदा देता येत होते, आठवड्याच्या आत. बुधवारी तिने दिले. ठेकेदार फोनवर मिळालाच नव्हता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाणीला, त्याच्या गॅरेजवर जाऊन त्याला भेटली होती, बस बदलून, सव्वा तास लागला. नवा परिच्छेद असा होता: 'ठेकेदाराने सांगितले की सदर आठवड्यात बस एकदाही उशिरा आलेली नाही. सहा दिवसांच्या वेळा त्यांना वाचून दाखवण्यात आल्या. त्यांनी त्या पुन्हा वाचण्यास सांगितले. पुन्हा वाचण्यात आल्या. त्यानंतर चहा देण्यात आला.'

मी दोन गुण वाढवून अठरा केले. ती वार्षिक परीक्षेला बसली, पास झाली आणि जूनमध्ये त्या दैनिकात रुजू झाली. तिच्या वडिलांचा निवृत्तीचा दिवस त्याच महिन्यात पडला. शेवटचा सुरक्षा अहवाल त्यांनी स्वतः लिहिला आणि तिने तो तपासून दिला. इंग्रजीच्या सात चुका, निरीक्षणाची एकही नाही.

कधी कधी संध्याकाळी तिचा फोन येतो, एखादी बातमी कशी मांडावी ते विचारायला. काम झाले की ठेवण्याआधी ती एकदा विचारतेच, "सर, ते उरलेले दोन?"

ठेकेदाराकडचा तो चहा कोणता होता, ते तिने लिहिले नव्हते; दोन गुण त्याचे.